हारांची बोट आणि सरांचे हात

उमरेकर सरांची आणि माझी ओळख पंक्चरच्या टाकीपाशी झाली. आजचे माझे टायरचे दुकान तेव्हा नव्हते. मुखेडहून नांदेडला नवीनच आलो होतो. एक कॉम्प्रेसर, एक पाण्याची टाकी आणि वर ताडपत्री, एवढाच माझा पसारा होता. सर आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचे निदेशक होते. ते स्कूटरवरून उतरले आणि पिशवीतून रिमोटवर चालणारी हातभर लांबीची एक बोट काढून त्यांनी माझ्यासमोर धरली. ट्यूब घेऊन येणारी माणसे मी रोज पाहत होतो, एकदा एक गृहस्थ नातवाचा फुटबॉलही घेऊन आले होते. बोट मात्र पहिल्यांदाच आली होती.

"कुठून तरी पाणी घेतेय," सर म्हणाले. "ट्यूबसारखी बुडवून बघता येईल का?"

"ट्यूबमध्ये हवा असती सर."

"हिच्यातही आहे."

ते बरोबरच होते. झाकणाला चिकटपट्टी लावून आम्ही दोघांनी मिळून बोट पाण्याखाली दाबली. पंख्याचा दांडा जिथून बाहेर येतो तिथून बुडबुड्यांची माळ निघाली. सर खूश झाले. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"आतली बॅटरी आणि रिसीव्हर काढायचे राहिले," ते म्हणाले, आणि माझ्या स्टुलावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. स्वतःच्या चुकीवर इतका वेळ हसणारा सरकारी नोकर मी तोवर पाहिला नव्हता. त्या दिवशी मनात म्हटले, हा माणूस सोडायचा नाही.

तेव्हापासून सरांची प्रत्येक नवी बोट आधी माझ्या टाकीत तरंगते आणि मगच तळ्यावर जाते. बोट एका बाजूला कलली की तळाला वजन लागते. त्यासाठी चाकांच्या बॅलन्सिंगचे जुने शिशाचे तुकडे मी सरांसाठी डब्यात साठवून ठेवतो. या व्यवस्थेचा सर्वात जास्त आनंद सरांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, झाला. "तुमच्या टाकीमुळं माझी न्हाणी मोकळी झाली," असे त्या मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या. "आधी अंघोळीला जायचं तर बोटीला विचारून जावं लागायचं."

आज नांदेड आणि लातूर मिळून या गौरवग्रंथासाठी जमलेले आपण जेवढे बोटवाले आहोत, ते सगळे सरांच्या हाताखाली तयार झालो. सर फळीचे आणि फायबरचे काम शिकवतात, मोटार बसवायला शिकवतात, सुकाणू जुळवायला शिकवतात आणि एका पैशाची अपेक्षा ठेवत नाहीत. त्यांचा नियम एकच: आधी स्वतःची बोट बनवा, मग रिमोट हातात घ्या. आपला रिमोट ते कुणालाही देत नाहीत. एकदा आपल्या बोटींच्या मेळाव्याच्या उद्घाटनाला आलेले एक पुढारी फोटोसाठी रिमोट मागू लागले. सर हात जोडून म्हणाले, "साहेब, आधी एक बोट करून आणा." पुढाऱ्यांनी रिकाम्या हातांनी फोटो काढला.

ज्या उन्हाळ्यात गावोगाव टँकर सुरू होतात, त्या उन्हाळ्यात सर बोटी कपाटात ठेवायला लावतात. एका वर्षी लातूरच्या एका मित्राने आपल्या शेतघराचा पोहण्याचा हौद देऊ केला होता. सर म्हणाले, "रस्त्यावर माणसे घागरी घेऊन उभी आहेत. त्यांच्यासमोरून आपण रिमोट घेऊन जायचे का?" विषय तिथेच संपला. हौदवाले मित्र त्या वर्षी स्वतःही त्यात उतरले नाहीत, असे म्हणतात.

सरांच्या हातांबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिले पाहिजे. पंचाहत्तरीतही ते केसाएवढ्या तारेला सोल्डरिंगचा डाग देतात आणि दुसऱ्यांदा बघत नाहीत. नांदेडहून लातूरला आम्ही अनेकदा एसटीने गेलो. खड्ड्यांत गाडी नाचायला लागली की मी बसल्या जागी उडतो, आणि माझ्या शेजारी सर थर्मासच्या झाकणात काठोकाठ चहा घेऊन शांतपणे पीत असतात. त्यांच्या पांढऱ्या पँटवर डाग पडलेला कुणी पाहिला असेल तर त्याने पुढे यावे.

हे सगळे सांगायचे कारण माझ्या मुलीचे, स्वातीचे, लग्न.

स्वाती सरांची विद्यार्थिनी. शाळेत असताना तिने पहिली बोट केली. बोट चालवण्यातली खरी मेख तिला सरांनीच समजावली होती. बोट आपल्यापासून लांब जाते तेव्हा सगळे सोपे असते. ती आपल्याकडे तोंड करून परत येऊ लागली की तिचे डावे आपले उजवे होते, आणि मोठमोठी माणसे तिथे फसतात. तर स्वातीचे लग्न लातूरला ठरले, तेव्हा सरांनी तिच्यासाठी एक खास बोट करायला घेतली. मंडपात स्टेजच्या पायरीला लागून असलेल्या कारंज्याच्या हौदातून वधूवरांचे हार या बोटीने यायचे, अशी दोघांची योजना होती. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत सर त्या एकाच बोटीवर होते.

माझे व्याही विश्वंभरअप्पा लातूरला डाळीचे आडते आहेत. माणूस मनाने मोठा, मानाच्या बाबतीत हळवा. लग्नाच्या आधी त्यांचा फोन आला.

"बालाजीराव, हार आम्ही ड्रोननं आणतो. आमच्या भाच्याचं हाय. वरनं उतरत्याल हार."

"अप्पा, इथं सरांनी खास बोट केलीय."

"बोट? लग्नाला?"

"लहान आहे अप्पा. रिमोटची."

मग अप्पा म्हणाले, "करा तुमच्या मनासारखं." या वाक्याचा अर्थ मुलीच्या बापाला कुणी समजावून सांगावा लागत नाही.

लग्नाच्या दिवशी अप्पा गाडीतून उतरले. त्यांनी झेंडूने सजवलेली बोट पाहिली आणि भाच्याचे ड्रोन नुसते फोटो काढायला ठेवलेलेही पाहिले. ते परत गाडीत जाऊन बसले आणि त्यांनी काच वर केली. "अप्पांचं डोकं दुखून राहिलंय," असा निरोप आला. मी चहा पाठवला, तो परत आला. लिंबू सरबत पाठवले, तेही परत आले. मुहूर्त जवळ येत चालला तसे डोके जास्तच दुखू लागले.

स्वातीने मला खोलीत बोलावून घेतले. "बाबा, बोट राहू द्या. हार ताटातून आणा." आवाज साधा ठेवण्यासाठी तिने जे कष्ट घेतले ते मला ऐकू आले. तिला त्याच घरात जायचे होते. सासरे पहिल्या दिवशी काच वर करून बसले तर ती काच पुढे किती वर्षे वर राहील, हे कुणी सांगावे?

मी सरांकडे गेलो. ते पाण्याच्या कडेला मांडीवर रिमोट घेऊन बसले होते.

"सर, बोट राहू द्यावी म्हणतो."

सर काही रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "अप्पा कुठल्या गाडीत आहेत?"

मी गाडी दाखवली आणि शेजारच्या टेम्पोआड उभा राहिलो. माझे कान तीक्ष्ण आहेत, हे आपल्या मंडळींना ठाऊक आहे. सरांनी काचेवर टिचकी मारली. काच अर्धी खाली आली.

"कोण?"

"उमरेकर. बोटवाला. अप्पा, एक अडचण आहे. हार न्यायला माणूस नाही."

"तुम्ही हाव की."

सरांनी रिमोट पुढे केला. तो थरथरत होता. वाऱ्यात ज्वारीचे ताट हलावे तशी त्याची एरियल हलत होती.

"सकाळपासून असंच होतंय. वय झालं. या हातांनी नेले तर हार कारंज्यात जातील."

"मग तुमचे चेले हायत की इतके."

"ते सगळे बाहेरचे. आज घरातलं माणूस पाहिजे, अप्पा."

"मला काय येतंय त्यातलं?"

"ट्रॅक्टर चालवलाय?"

"शाळेत होतो तवापासनं."

"मग झालं."

गाडीचे दार उघडले. ज्या रिमोटला पुढाऱ्यांना हात लावू दिला नव्हता, तो सरांनी अप्पांच्या हातात ठेवला. इतक्या वर्षांत सरांना खोटे बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

अप्पा येऊन थेट स्टेजपाशी उभे राहिले. सरांनी पलीकडच्या काठावरून चालवा म्हणून सुचवले, पण अप्पा म्हणाले, "हितंच बरं. लोकांना दिसलं पाहिजे." म्हणजे बोट सुटली तीच त्यांच्याकडे तोंड करून. मंगलाष्टके सुरू झाली. अप्पांनी डावीकडे वळवली, बोट उजवीकडे गेली. त्यांनी आणखी डावीकडे वळवली, बोट आणखी उजवीकडे, सरळ कारंज्याखाली. हार भिजले. प्रत्येक 'सावधान'ला लोक अक्षता टाकत होते आणि अर्ध्या अक्षता पाण्यात पडत होत्या.

"अप्पा, डावीकडं घ्या," एक जण ओरडला.

"डावीकडंच हाय की," अप्पा म्हणाले. "हीच ऐकून न्हाई राहिली."

गुरुजींची मंगलाष्टके संपत आली. आमच्या मुदखेडच्या आत्याबाईंनी स्वतः रचलेले मंगलाष्टक आणले होते, आणि वेळ नाही म्हणून गुरुजींनी ते सकाळीच नाकारले होते. आता गुरुजींनी स्वतःहून माइक त्यांच्या हातात दिला. आत्याबाईंनी एकदा सगळ्यांकडे बघून घेतले आणि मग त्या दोन्हीकडच्या नातेवाइकांची नावे ओवीत गात सुटल्या. कुणाचे नाव राहिले नाही. बोट तेवढ्यात कारंज्याला दोन प्रदक्षिणा घालून झाली होती.

मी दात आवळून सरांना म्हणालो, "सर, घ्या ना आता हातात."

"नाही," सर हळू आवाजात म्हणाले. "आता मागितलं तर ते परत गाडीत बसतील. आणि पोरगी जन्मभर काच वाजवत राहील."

मग त्यांनी अप्पांच्या कोपराला धरले. "अप्पा, तुमचं चालवणं बरोबर आहे. जागा चुकली. जरा इकडून बघा." असे म्हणत त्यांनी अप्पांना रिमोटसकट अर्ध्या मंडपाला वळसा घालून पलीकडच्या काठावर नेले, बोटीच्या मागे. फोटोवाले धावले, पाहुण्यांनी खुर्च्या सरकवल्या. आता बोटीचे डावे ते अप्पांचे डावे झाले. आत्याबाई लातूरच्या चुलत्यांपर्यंत पोचल्या होत्या, तेवढ्यात बोट सरळ येऊन स्टेजच्या पायरीला धडकली. मुहूर्त टळला नव्हता. अप्पा पळत आले, त्यांनी वाकून दोन्ही हार उचलले आणि निथळत असतानाच सुनेच्या आणि मुलाच्या हातात दिले. अंतरपाटाआड स्वाती हसत होती.

"वारं आडवं होतं," अप्पा घाम पुसत मला म्हणाले. "न्हाईतर कवाच आणली असती." मंडपात पताकासुद्धा हलत नव्हती. भाच्याच्या ड्रोनने हे सगळे टिपले. अप्पा ते चित्रण आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात, मात्र पलीकडच्या काठावर गेल्यापासूनचे.

अडचण पुढे सुरू झाली. जेवणाच्या पंगतीत अप्पा सरांच्या शेजारी येऊन बसले, आणि सरांना हात थरथरवत जेवावे लागले. काकू घाबरल्या. मी खूण केल्यावर गप्प झाल्या, पण घरी जाईपर्यंत त्या सरांकडे संशयाने बघत होत्या. त्यानंतर जेव्हा जेव्हा दोघे भेटले तेव्हा सरांचे हात थरथरले. ज्यांनी एसटीत थेंब सांडला नाही त्यांनी अप्पांसमोर तीन शर्ट खराब केले. अप्पांनी सरांच्या नियमाप्रमाणे स्वतःची बोट केली. रविवारी सासरा आणि सून तळ्यावर जातात आणि बॅटरी कुणी चार्ज करायची होती यावरून परत येईपर्यंत भांडतात. मेळाव्यात अप्पा सरांचा कप धरतात. दर दिवाळीला लातूरहून हातांना चोळायच्या तेलाची बाटली येते. सर ती निमूटपणे ठेवून घेतात.

हा लेख लिहायचा ठरवला तेव्हा पंचाईत झाली. खरे लिहावे तर अप्पा वाचणार. शेवटी मी लातूरला जाऊन त्यांनाच विचारले.

"लिव्हा की," अप्पा म्हणाले. "मला त्याच दिवशी ठाऊक झालं. आमच्या वडलांचे हात थरथरायचे. अशा हाताची टिचकी एक पडत न्हाई, दोन-तीन पडतात. सरांची एकच पडली, काचेच्या मधोमध."

"मग उतरलात कशाला?"

"बालाजीराव, तो माणूस माझ्यासाठी खोटं बोलाया आला होता आन त्याला बोलता येत नव्हतं. लई कच्चं बोलत होता. असल्या माणसाला उन्हात किती येळ उभं करावं?"

"आणि तेल?"

"ते थरथरून राहिलेत तर मी काय करू? कुणी तरी तेल पाठवाया नको?"

सर, हा ग्रंथ समारंभात आपल्याला दिला जाईल तेव्हा अप्पा शेजारीच बसलेले असतील. आम्हा सर्वांच्या वतीने एवढेच मागतो की आपण आणि काकू पुष्कळ वर्षे निरोगी, आनंदी राहा, आणि आपल्या हातून अजून पुष्कळ बोटी पाण्यात उतरोत. त्या दिवशी चहा आला की कप खुशाल स्वतः उचला आणि निवांत प्या. अप्पा काही म्हणणार नाहीत. फार तर शेजारच्याला हळूच सांगतील की तेलाला शेवटी गुण आला.