तेरा वर्षं, सात महिने

अख्ख्या खानदेशात कोरियन मुलींच्या गाण्यांवर अधिकारवाणीनं बोलू शकेल असा एकच माणूस आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. हे मी कौतुकानं सांगतोय की तक्रारीनं, ते माझं मलाच ठरवता आलेलं नाही. वय अडुसष्ट, पारोळ्याच्या एका शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त, सध्या मुक्काम जळगावला आमच्या मागच्याच गल्लीत. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा धुळ्याची नात महिनाभर सोबतीला येऊन राहिली, तिनं टीव्हीवर ही गाणी लावली, आणि मामांना पलंगावरून उठून जाता येत नव्हतं. ऑपरेशन यशस्वी झालं, माणूस मात्र हाताबाहेर गेला. पाच-सहा गटांतल्या झाडून सगळ्या मुली त्यांना नावानिशी ओळखू यायला लागल्या. मला तर बुवा सगळ्या सारख्याच दिसतात, असं एकदा माझ्या तोंडून निघून गेलं. मामांनी चष्मा काढला. "एका वर्गात साठ पोरं असायची," ते म्हणाले. "ती सारखी दिसली असती तर दाखले कोणाचे कोणाला गेले असते?" त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

नुसतं ऐकून थांबतील तर ते मामा कसले. नातीनं त्यांना एक चॅनेल काढून दिलं, आणि नवं गाणं आलं की त्यावर मामांचं लेखी परीक्षण पडायला लागलं. टायपिंग माझ्याकडे, कारण जावयाला नाही म्हणता येत नाही असा त्यांचा समज आहे आणि तो खरा आहे. गाणं आधी आवाज बंद करून बघायचं, मग डोळे मिटून ऐकायचं. तेवढ्या वेळात मामींनी मिक्सर लावायचा नाही. मग ते सांगायला लागत: "सदर गीत तीन मिनिटे चार सेकंदांचे असून दुसऱ्या कडव्यापूर्वीचा ठेका समाधानकारक आहे. उजवीकडून दुसऱ्या मुलीने आवाजाकडे लक्ष द्यावे." पण या सगळ्याच्या आधी वही उघडायची. वहीत प्रत्येक मुलीची जन्मतारीख आणि गाणं आलं त्या दिवशीचं वय, वर्षं-महिने-दिवस, दाखल्यावर लिहितात तसं. एखादी सोळा पूर्ण नसली की परीक्षणाच्या तळाशी ओळ यायची: "कु. अमुक हिचे वय पाहता श्रेणी राखून ठेवण्यात येत आहे." एका पोरानं खाली विचारलं, आजोबा, तुम्ही शाळा चालवता का? "चालवत होतो," असं मामांनी मला टाइप करायला लावलं.

खरं म्हणजे तारखांचं हे सोवळं त्यांना शोभत नव्हतं. पारोळ्याकडे एक जूनला जन्मलेली जी ढीगभर माणसं भेटतात, त्यांतली कितीतरी मामांच्या पेनातून जन्मलेली आहेत. बाप पोराला घेऊन यायचा, तारीख विचारली की 'पोळ्याच्या आसपास' असं काहीतरी सांगायचा. मग मामा पोराला डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं, आणि तारीख एक जून. नाही लागला तर हात जरा ओढायचे. लग्नात कुणी आपला वाढदिवस एक जून म्हणून सांगितला की मामा माझ्या कानाशी येऊन म्हणायचे, "माझंच अक्षर."

यंदाच्या हिवाळ्यात एका नव्या गटाचं गाणं आलं आणि मामांचं बिनसलं. पाच मुली, सगळ्यात धाकटी चौदा वर्षं दोन महिने. पण गाणं असं काही जमलं होतं की माझ्यासारख्या औरंगजेबाचाही पाय हलत होता. "वाईट असतं तर सोपं होतं, जवाईबापू," मामा म्हणाले. तीन रविवार मी फोन घेऊन त्यांच्यासमोर बसलो आणि तसाच उठून आलो.

चौथ्या रविवारी दुपारी दारात मामांचा मुलगा आणि नात उभे. धुळ्याहून न कळवता आले होते. मुंबईच्या एका कंपनीनं कोरियन धर्तीवर मुलींचा गट बांधायला काढला होता आणि नाशिकच्या निवडीत पोरगी पास झाली होती. तीन वर्षं तिथंच राहायचं, रोज नऊ तास सराव, घरी फोन फक्त रविवारी. अट एकच, वय पंधरा पूर्ण. नात होती तेरा वर्षं सात महिन्यांची. कंपनीला शाळेचं बोनाफाईड चालणार होतं, आणि तिच्या शाळेचा क्लार्क मामांच्याच हाताखाली तयार झालेला. सुट्टी असून तो शाळेत येऊन बसला होता, मामांच्या एका शब्दासाठी. फॉर्म संध्याकाळी सहाला बंद होणार होता. साडेतीन वाजले होते.

"दीड वरीसनाच तर सवाल शे, आबा," मुलगा म्हणाला. "बठ्ठी दुनिया करस."

सगळी दुनिया करते म्हणून मामा बधणारे नव्हते.

"मनी तारीख एक जून शे. ती कोनी लिखी?"

"मीच लिखी."

"मग मनं काय वाकडं व्हयनं?"

मामांनी टीव्ही लावला. तेच गाणं, आवाज बंद. आता या माणसाला परीक्षण सुचतंय की काय, म्हणून मी खिशातला फोन चाचपला. मध्येच त्यांनी चित्र थांबवलं, जरा मागं नेलं. धाकटी मुलगी वळताना तिचं हसू गेलं, आणि समोरून कुणी खूण केल्यासारखं लगेच परत आलं.

"इथं काय झालं तिला?" त्यांनी नातीला विचारलं.

"दमली असेल."

"दमलं की काय करायचं?"

"परत करायचं, आबा. मला चालेल."

ती हे इतक्या चटकन म्हणाली की मला तिच्याकडे बघवेना.

"एका पोरीला मी चारची सहा लिहिलं होतं," मामा म्हणाले. "मोठ्या बहिणीबरोबर येऊन वर्गाच्या दारात बसायची. मला कौतुक वाटलं, घेतलं आत. बारावी झाली आणि बापानं तिचं लग्न काढलं. कुणीतरी तक्रार केली, चौकशीला लोक आले. बापानं दाखला पुढे केला. अठरा पूर्ण. खरी सोळाची होती. ती रडत होती आणि लोक माझं अक्षर वाचत होते."

मुलगा अंगणात जाऊन फोनवर कुणाशी तरी चढ्या आवाजात बोलत राहिला. आम्ही तिघं घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत बसलो. सव्वापाचला मामा नातीला म्हणाले, "पंधरा पूर्ण होतील त्या दिवशी मी स्वतः तुला मुंबईला नेईन."

"तोवर गट भरलेला असेल," ती म्हणाली.

सहा वाजून गेले तेव्हा ती उठली. रडली नाही. चप्पल घालता घालता म्हणाली, "मग तुम्ही बघता कशाला, आबा? ती पण चौदाचीच आहे ना." मामांनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला. मला तिनं विचारलं नव्हतं, पण माझा तर पायसुद्धा हलला होता.

ती गेल्यावर मामांनी मला लिहायला सांगितलं. "सदर गीत उत्तम आहे. ते मी वीस वेळा ऐकले. ऐकणारे आहेत म्हणून ती पोर नाचते, आणि ऐकणाऱ्यांत मी आहे."

"श्रेणी?" मी विचारलं.

"गाण्याला नको. मला द्या. असमाधानकारक."

चॅनेलवरचं ते शेवटचं परीक्षण. मामा आता गाणी ऐकत नाहीत, मिक्सर वाटेल तेव्हा चालतो, आणि रविवारची माझी दुपार मोकळी असते. या मोकळेपणाचा मला इतका कंटाळा येईल असं वाटलं नव्हतं. नात फोनवर मामींशी बोलते, मामांशी नाही. परवा त्यांच्याकडे गेलो तर म्हणाले, "पंधराला अजून अकरा महिने आहेत. पण तिनं नाचाचा क्लासच सोडला म्हणतात."

"मामा, तुम्ही केलं ते बरोबरच केलं."

"ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "बरोबर करूनही तिचं नाचणं माझ्यामुळेच थांबलं ना?"

मला राहवेना. मी माझ्या फोनवरून धुळ्याला लावला, तिनंच उचलला, आणि मी काही न बोलता फोन मामांच्या हातात दिला.

"मी बोलस," मामा म्हणाले. फोन कानाला दाबून ते बराच वेळ तसेच बसून राहिले.

"काय म्हणाली?" मी नंतर विचारलं.

"काही नाही," मामा म्हणाले. "पण ठेवला नाही तिनं."