आत्यांनी रोलर बंद केला

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या त्या लाँड्रीत सगळे त्यांना आत्या म्हणायचे. सख्ख्या भाच्यानं कित्येक वर्षांत साधा फोन केला नव्हता. ती कसर इथली माणसं भरून काढत.

आत्यांना खोड एकच, बोलायची. चादरींना इस्त्री करणाऱ्या मोठ्या रोलरपुढची जाळी तुटली होती. ती बसवा म्हणून त्या मॅनेजरसाहेबांच्या हात धुऊन मागे लागल्या होत्या. गेल्या वर्षी एका शिकाऊ पोराची बाही रोलरनं खेचली. पोरगा झटक्यात मागे सरला म्हणून हात वाचला. साहेब धावत आले, चादर उलटसुलट करून पाहिली, ती धड होती. निर्धास्त होऊन परत गेले.

यंदा शिकाऊ मुलं पाठवण्याआधी कॉलेजनं विचारलं, सुरक्षेची जबाबदारी कोणाकडे? साहेबांना आत्या आठवल्या.

"तुम्हाला फार काळजी ना? घ्या. आजपासून सुरक्षाप्रमुख तुम्ही."

"म्हणजे करायचं काय?"

"काही नाही हो. अधूनमधून 'जपून रे' म्हणायचं."

पगार वाढला नाही, पिवळं जॅकेट मात्र मिळालं.

आत्यांनी हे पद मनावर घेतलं, तिथंच घोळ झाला. सोमवारी तीन मुलं आली आणि आत्यांनी रोलर बंद करून बटणापुढे स्टूल टाकलं.

"पोरांनो, धुणं शिका, घड्या शिका. जाळी बसेपर्यंत याला तुम्ही हात लावायचा नाही, मीही लावणार नाही."

साहेब लालबुंद. "अहो, उद्या माल जायचाय!"

"जबाबदारी माझी म्हणालात ना?"

"नावाची हो, नावाची!"

दुपारपर्यंत ओल्या चादरींचा डोंगर झाला. आत्या हलल्या नाहीत. पण काळजी होतीच. नोकरी गेली तर या वयात कोण ठेवणार?

तेवढ्यात साहेब पुन्हा आले, या वेळी दबक्या आवाजात. "उद्यापासून माझी लेक येतेय शिकायला. दुसरीकडचं तिचं फिसकटलं. तिला तेवढं रोलरजवळ जाऊ देऊ नका."

"का हो साहेब? धोका आहे का?"

साहेबांनी खिशातून फोन काढला. संध्याकाळी फिटर आला. तासाभरात जाळी बसली. आत्यांना आनंद व्हायला हवा होता, झाला संताप. तासाभराचं काम!

लेक हुशार निघाली. महिनाभर रोलरवर चादरी सोडल्या, साधा ओरखडा नाही. एकदाच भाजली, तेही वडिलांच्या केबिनमध्ये, चहाच्या किटलीवर. आत्यांनी तिचं बोट गार पाण्याच्या नळाखाली धरलं.

"आत्या, लक्ष कुठं होतं तुमचं?" साहेब ओरडले.

"रोलरवर. केबिन माझ्याकडे नाही."

"मग घ्या ना तीही!"

आत्यांनी घेतली. किटलीचा दांडा ढिला होता. तो नीट होईपर्यंत साहेबांना चहा मिळाला नाही.