चाळीसच्या आत

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी नर्सबाईंनी मला वॉर्डातल्या भिंतीपुढे उभं केलं. उजव्या बाजूचा स्तन काढला होता. काखेतल्या गाठीही काढल्या होत्या आणि तिथून निघालेली नळी कमरेला बांधलेल्या डब्यात सोडली होती. नर्सबाई म्हणाल्या, "बोटं भिंतीवर ठेवा अन् मुंगी चढते तशी हळूहळू वर न्या." माझी बोटं खांद्यापर्यंतही पोचली नाहीत, डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या म्हणाल्या, "आज एवढं पुरे. पण रोज करायचं. सोडलं तर खांदा धरेल, मग तो सुटत नाही."

बाभुळगावजवळच्या आमच्या गावी परतल्यावर मी ते सोडलं नाही. स्वयंपाकघरातल्या भिंतीपुढे सकाळ-संध्याकाळ उभी राहायची. दुखायचं, दातावर दात दाबून धरायची. चार महिन्यांत बोटं डोक्याच्याही वर गेली. तपासणीला नागपूरला गेले तेव्हा नर्सबाईंनी दुसऱ्या पेशंटला बोलावून माझा हात दाखवला. "पाहा, यांनी कसा केला." शाळेतही मला कधी कोणी असं उभं करून कौतुक केलं नव्हतं.

पण हात वर जाणं वेगळं आणि हातानं काम होणं वेगळं. तिसऱ्या महिन्यापासूनच तो सुजायला लागला होता. आधी बांगड्या रुतल्या, त्या फोडून काढाव्या लागल्या. मग कोपरापासून मनगटापर्यंत सगळा हात सारखा झाला, उशीसारखा. डॉक्टरांनी सांगितलं, गाठी काढल्या की पाणी साचतं, ते आता जन्मभर राहणार. या हातानं वजन उचलू नका, चुलीच्या धगीजवळ जाऊ नका, चटका लागू देऊ नका.

माझं काम तर तेच होतं. गावच्या शाळेत नऊ वर्षं मी पोरांची खिचडी शिजवत होते. खिचडीनं भरलेला एवढा मोठा गंज चुलीवरून दोन्ही हातांनी उतरवायचा, सराट्यानं खालपर्यंत ढवळायचं. मी दवाखान्यात असतानाच माझ्या जागी दुसरी बाई लागली. तिलाही घर होतं, आणि पोरांना रोज दुपारी जेवायला लागतंच. मी कोणाला दोष दिला नाही. नवरा यवतमाळच्या जिनिंगमध्ये कामाला जायचा, ते काम कापसाच्या हंगामापुरतं.

मदतीचं सगळ्यात आधी सुचलं ते माझ्या मोठ्या जावेला. मी तिला बाई म्हणते. एकाच घराच्या दोन भागांत राहून आम्ही सहा वर्षं बोलत नव्हतो. भांडण नळाच्या पाण्यावरून झालं होतं. मी दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी ती गरम पाण्याची बादली घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "सरक, पाठ पुसून देतो." त्यानंतर ती रोज यायची. तिनंच सेतू केंद्रात विचारून आणलं, की अपंगांना सरकारकडून दर महिन्याला मदत मिळते, मात्र दाखल्यावर चाळीस टक्के तरी पाहिजेत.

दाखल्याच्या तपासणीसाठी आम्ही दोघी एसटीनं यवतमाळला गेलो. रांगेत कोणी कुबड्यांवर, कोणी आईच्या कडेवर. मला त्यांच्यात उभं राहायची लाज वाटत होती, माझे तर दोन्ही हात, दोन्ही पाय शाबूत. आत टेबलामागे एक तरुण डॉक्टर होता. वाईट नव्हता, घाईत होता.

"मूठ वळा."

वळली.

"उघडा. आता हात वर करा, जेवढा जातो तेवढा."

मी केला. जेवढा जातो तेवढाच नाही, त्याहूनही वर नेला. काखेत कळ आली तरी खाली आणला नाही. कोणी हात वर कर म्हटलं की चांगला करून दाखवायचा, एवढंच मला चार महिन्यांत शिकवलं होतं.

"छान," डॉक्टर म्हणाला आणि त्यानं लिहून टाकलं.

"साहेब, सूज पाहा ना. हिच्यानं गिलास धरवत नाही," बाई म्हणाली.

"सुजेचे मार्क फार नसतात, मावशी. सांधा हलतो आहे."

दाखला चाळीसच्या आत आला. तरी तो घेऊन आम्ही तहसीलला गेलो. खिडकीतल्या बाबूनं कागद नीट वाचले. तो म्हणाला, "अपंगात तर बसत नाही. मोठ्या आजारालाही मदत असते, त्यात बसवून पाहू." मग त्यानं दवाखान्याचं शेवटचं कार्ड पाहिलं. त्यावर आजार उरला नसल्याचं लिहिलं होतं. ते वाक्य डॉक्टरांनी मला हसत वाचून दाखवलं होतं आणि मी तिथंच रडले होते. बाबूनं त्यावर बोट ठेवलं. "आजारातही नाही बसत, ताई."

बाहेर पायरीवर बसल्यावर बाईनं कागद घडी करून पिशवीत ठेवले. मग म्हणाली, "तू हात कायले इतका वर केला वं?"

"त्यायनं म्हटलं म्हणून केला."

"वर्षभरानं परत तपासतेत म्हणे. तवरक तो व्यायाम बंद ठेव."

तिनं सांगितलं म्हणून मी ऐकलं असं नाही. माझ्याही मनात तेच आलं होतं, तिनं फक्त तोंडानं म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी भिंतीपुढे उभी राहिले नाही. त्यानंतरही नाही. सूज दाबून ठेवायला दवाखान्यातून हातात घालायची घट्ट बाही दिली होती, तीही पेटीत ठेवून दिली. नवऱ्यानं एकदा विचारलं, "व्यायाम काहून नाही करून राह्यली?" मी म्हटलं, थकवा येतो.

हात लवकरच आखडला. आधी डोक्यापर्यंत जाईना, मग कानापर्यंत. रात्री त्या कुशीवर वळता येईना. दुखायचं तेव्हा मी मनात म्हणायची, दुखू दे, आता तरी दिसेल. स्वतःच्या हाताबद्दल असं म्हणणारी मी एकटीच असेन असं तेव्हा वाटायचं.

वर्ष झाल्यावर पुन्हा गेलो. या वेळी डॉक्टर दुसरे होते, वयस्क. त्यांनी टेप लावून मोजलं, कोन पाहिला, दोनदा विचारलं की कधीपासून आखडला. मी खाली पाहत राहिले. आकडा वाढला होता, पण चाळीसच्या आतच होता.

बसमध्ये बाई खिडकीकडे तोंड करून बसली होती. बाभुळगाव आलं तरी उठेना. मी हलवलं तेव्हा म्हणाली, "मी तुह्या हाताचं वाटोळं केलं."

"मीच बंद केला व्यायाम, बाई," मी म्हटलं. ते खरंच होतं, पण तिला ते पटलं नाही.

पुढच्या महिन्यात नागपूरला तपासणी होती. मधल्या तपासण्यांना नर्सबाई दुसऱ्या वॉर्डात होत्या, या वेळी भेटल्या. नर्सबाईंनी हात वर करायला सांगितला आणि पाहतच राहिल्या. "काय झालं हो? तुमचा तर सगळ्यात चांगला होता." मला खोटं बोलवलं नाही. दाखल्याचं, चाळीस टक्क्यांचं, सगळं सांगितलं. मला वाटलं त्या रागावतील. त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं, पुढची पेशंट उभी होती तिला थांबायला सांगितलं आणि माझा हात दोन्ही हातांत घेऊन बोटांकडून खांद्याकडे चोळत राहिल्या. चोळता चोळता म्हणाल्या, "पहिल्यासारखा होईल असं सांगत नाही. पण करा."

आता करते. कानापर्यंत पोचला आहे, त्याच्या वर जात नाही. अर्ज पुन्हा केलेला नाही. बाई अधूनमधून विचारते, मी पाहू म्हणते. सकाळी ती तिच्या घरातलं आटोपून येते, मला पाटावर बसवते आणि माझी वेणी घालते. केस औषधानं गेले होते ते पुन्हा आलेत, पण आखूड आहेत, वेणी सुटते. ती परत घालते.