यानाच्या खिडक्या आणि ब्लोअरची भोकं

नाशिकजवळच्या अंबडच्या एमआयडीसीत द्राक्षबागेच्या फवारणीचे ब्लोअर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी डिझायनर होतो. डिझायनर हा शब्द शेठचा. मी होतो डिप्लोमा झालेला ड्राफ्ट्समन. पण शेठनं संगणक घेतला आणि त्याच आठवड्यात माझा डिझायनर झाला, कारण एवढ्या मोठ्या मशिनसमोर नुसता ड्राफ्ट्समन बसलेला गिऱ्हाइकाला बरा दिसला नसता.

त्या संगणकावर मी साडेतीन वर्षं एक अंतराळयान बनवलं.

यान एका जगप्रसिद्ध परदेशी मालिकेतलं. नाव सांगत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि कळलं की ते मला खिडक्यांची संख्या विचारायला येतील, तो त्रास आता नको. नव्वदच्या दशकात आमच्या कॉलनीत केबल आली तेव्हा मी पॉलिटेक्निकला होतो. बाकीची मुलं त्या टीव्हीवर काय काय बघायची. मी हे यान बघायचो. माणसं काय बोलतात ते फारसं कळायचं नाही, इंग्रजी भरभर असायचं. यान मात्र कळायचं. पुढे मालिकेच्या कॅसेट मिळाल्या. मग मी चित्र थांबवून टीव्हीच्या काचेवर ट्रेसिंग पेपर चिकटवायचो आणि पट्टीनं मापं घ्यायचो. काच बाहेर फुगलेली, त्यामुळे कोपऱ्यातलं यान जाड दिसायचं. ती फूग वजा करायचं एक सूत्र मी बसवलं. माझ्या आयुष्यातला हा एकमेव शोध, आणि सपाट टीव्ही आल्यावर तोही वाया गेला.

नोकरी लागली, संगणक हाताशी आला आणि जेवणाच्या सुट्टीत मी ते यान थ्री-डीमध्ये उभं करायला लागलो. आधी सांगाडा, मग पत्रे, मग खिडक्या. डबा डाव्या हातानं खायची सवय त्यामुळेच लागली. आई म्हणायची, बरं दिसत नाही. आईला काय माहीत, उजव्या हातात माउस आहे.

माझ्यासारखे आणखी वेडे जगात आहेत हे मला कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत समजलं. प्लायवूडच्या खोक्यात बसून मी त्यांच्या फोरमवर जायचो. तिथं सगळ्यांना हुद्दे होते. सर्वांत वरचा स्वतःला अॅडमिरल म्हणवायचा. कुठल्याशा थंड देशातला निवृत्त पोस्टमन होता तो, हे त्यानंच एकदा चुकून सांगितलं होतं. कुणी आपलं मॉडेल दाखवलं की हा अॅडमिरल लिहायचा, ‘चांगलं आहे, पण मानेचा कोन अर्ध्या अंशानं चुकलाय.’ लोक दोन दोन महिने त्या अर्ध्या अंशावर भांडायचे. यानाचं दार आतल्या दृश्यात सहा फुटी माणसाला पुरायचं आणि बाहेरून मोजलं तर त्याच्या गुडघ्याला लागायचं. यावरून दोन तट पडले होते. मी बाहेरच्या तटात होतो आणि आतल्या तटातल्या लोकांविषयी माझं मत फार वाईट होतं. एकालाही मी पाहिलेलं नव्हतं, ते सोडा.

या भानगडीत माझी कामाची वही एकच होती. डाव्या पानावर यान, उजव्या पानावर ब्लोअर. मला वाटायचं, काय शिस्त आहे आपली!

आता ब्लोअरचं सांगतो. औषधाची टाकी, पंप आणि मोठा पंखा हे सगळं एका फ्रेमवर असतं आणि ती फ्रेम ट्रॅक्टरच्या मागे बसते. मधे जोडायला एक ब्रॅकेट, म्हणजे जाड लोखंडी पट्टी, चार भोकांची. त्या वर्षी नव्या बनावटीचे ट्रॅक्टर आले म्हणून शेठनं मला नवीन ब्रॅकेट काढायला सांगितला. मी शोरूमला जाऊन ट्रॅक्टरच्या मागून माप घेतलं, दोन भोकांतलं अंतर एकशे बावीस मिलिमीटर, आणि वहीत लिहिलं. उजव्या पानावर. त्याच दिवशी डाव्या पानावर यानाच्या खिडक्यांच्या ओळींमधलं अंतर लिहिलेलं होतं, माझ्या प्रमाणात एकशे अठ्ठावीस. त्या खिडक्यांवर अॅडमिरलनं शंका काढली होती, त्यामुळे डोकं तिकडे.

पंधरा ब्रॅकेट एकशे अठ्ठावीसचे निघाले.

कारखान्यात कुणाला कळलंच नाही. आमच्या फ्रेमवर ते अगदी चपखल बसले, कारण फ्रेमही माझ्याच ड्रॉइंगवरून झाली होती. सगळे एकाच चुकीशी जुळलेले. जुळला नाही तो फक्त ट्रॅक्टर.

ऑक्टोबरची छाटणी झाली, बागा फुटायला लागल्या आणि एका दुपारी दिंडोरीकडचे एक बागाईतदार गोणपाटात ब्रॅकेट गुंडाळून माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. पन्नाशीचे असतील. सदऱ्यावर आणि बोटांच्या पेरांवर बोर्डो औषधाचे निळे डाग. शेठ बाहेर गेलेले, म्हणून शिपायानं त्यांना सरळ डिझायनरकडे पाठवलेलं. मी तेव्हा यानाच्या पोटाखालचे पत्रे बसवत होतो. पडद्यावर यान सावकाश फिरत होतं.

ते ब्रॅकेटचं बोलायचं विसरून तिकडेच बघत राहिले.

“हे काय हो साहेब? नवा ब्लोअर?”

“नाही काका, हे अंतराळयान आहे.”

“आपल्या सरकारचं?”

“नाही, म्हणजे... एका मालिकेतलं. टीव्हीवरच्या.”

“म्हंजे खरं नाय?”

“खरं असं नाही. कल्पना आहे. पण मॉडेल अगदी अचूक आहे.” हे मी जरा अभिमानानंच म्हणालो. त्यांना खुर्चीही दिली. खिडक्या जवळ आणून दाखवल्या. एकेका खिडकीला आतून चौकट आहे हे दाखवलं. इतक्या वर्षांत कारखान्यातल्या कुणी एवढा वेळ उभं राहून बघितलं नव्हतं, मला चेव चढला. त्यांनीही मन लावून बघितलं.

“उतरतं कसं? पाय दिसंनात.”

“उतरत नाही ते. वरच असतं.”

“मग मानसं?”

“माणसं अदृश्य होऊन खाली येतात.”

त्यांनी पडद्याजवळ तोंड नेऊन यानाचं पोट बघितलं. मग म्हणाले, “आन् जे हायेच नाय, त्याचं माप कुठं जाऊन घेतलं तुम्ही?”

मी फुगलेल्या काचेचं सूत्र सांगायला सुरुवात केली. त्यांनी मधेच गोणपाट उलगडून ब्रॅकेट माझ्या की-बोर्डवर ठेवला.

“माझा टॅक्टर दारात उभा हाय. हात लावून बघता येतो. त्याचं माप लय चुकलंय, साहेब. दोन दिवस झाले, फवारा नाय. आभाळ आलंय, डावण्या बसला तर बाग गेली. तार बांधून चालवून बघितलं, पंखा सगळा हलतो.”

डावण्या म्हणजे दमट हवेत द्राक्षाच्या पानावर चढणारी बुरशी, एका रात्रीत पसरते. हे नाशकात मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी ब्रॅकेटवर पट्टी लावली. एकशे अठ्ठावीस. वही उघडली. उजव्या पानावर बघितलं, मग डाव्या पानावर. आणि खरं सांगायचं तर पहिला विचार बागेचा आला नाही. पहिला विचार आला की संगणक काढून घेतील.

नवा ब्रॅकेट कापून व्हायला दोन दिवस लागले असते. मी ड्रिल मशिन, कानस आणि मोजपट्टी पिशवीत भरली आणि त्यांच्या जीपमध्ये बसून निघालो. वाटेत मीच बोलत होतो. पुरवठादाराच्या लोखंडाला दोष देऊन झाला, शोरूमवाल्याला देऊन झाला. म्हसरूळ ओलांडल्यावर ते म्हणाले, “खिडकीचं माप घातलं ना तुम्ही?” वही उघडली तेव्हा ते माझ्या खांद्यावरून बघत होते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मळ्यात पोचलो तर लाइट गेलेली. संध्याकाळशिवाय येणार नाही, असं त्यांच्या घरातून सांगितलं. ड्रिल मशिन पिशवीतच राहिलं. भोकं आतल्या बाजूला तीन तीन मिलिमीटर लांबवायची, चारही, जाड पट्टीत, हातानं कानस मारून. मी ट्रॅक्टरमागे मातीत बसलो. आधी पुन्हा माप घ्यायला गेलो, तर ट्रॅक्टरची मागची पट्टीही सरळ नव्हती. ट्रॅक्टर नवाच, पण ट्रॉली लागून ती एका बाजूनं वाकलेली, रंग उडून गंज धरलेली, वर चिखल. एकशे बावीसही नव्हतं ते, एका कडेला एकशे एकवीस, दुसऱ्या कडेला त्याहून जरा जास्त. माझं यान कधी कुणाला धडकलं नव्हतं. तिथं मला तीन दशांश स्थळांपर्यंत मापं माहीत होती, इथं एक सरळ आकडा मिळेना.

दोन तास कानस मारली. हाताला फोड आले. काका शेजारी उकिडवे बसून भोकात थोडं थोडं तेल सोडत होते. त्यांच्या घरून चहा आला, मग पुन्हा चहा आला. आभाळ उतरत चाललं तसे ते दर पाच मिनिटांनी वर बघायचे, आणि दर वेळी मला वाटायचं, हे माझ्याकडेच बघताहेत. शेवटी बोल्ट गेले. चारही. ट्रॅक्टर चालू केला, पंखा फिरला, पाण्याचा फवारा घेऊन बघितला. हलला नाही. मी काही बोलायच्या आत त्यांनी टाकीत औषध ओतलं आणि बागेत शिरले. आभार वगैरे मानले नाहीत. मानायचं कारणही नव्हतं. मला परत सोडायला कुणी मोकळं नव्हतं, मी रस्त्यापर्यंत चालत येऊन एका टेम्पोतून नाशकात आलो.

अशा अनुभवानंतर माणूस बदलतो, असं वाचलेलं होतं. मी दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत यानच उघडलं. हाताला पट्टी होती म्हणून पत्रे बसवायला वेळ लागला, इतकंच. त्याआधी बाकीच्या चौदा गिऱ्हाइकांना फोन केले आणि पुढच्या सगळ्या ब्रॅकेटना गोल भोकांऐवजी लांबट भोकं द्यायचं ठरवलं, म्हणजे इकडे तिकडे सरकवता येईल. शेठनं मला तासभर झाडलं. झाडून झाल्यावर लांबट भोकांची कल्पना त्यांना स्वतःला सुचली, आणि पत्रकावर ‘कोणत्याही ट्रॅक्टरला बसणारा’ असं छापून आलं.

झाडताना त्यांची नजर पडद्यावर गेली होती, ते मला आठवड्यानं कळलं. ते म्हणाले, “ते जे उडणारं आहे ना तुमचं, ते प्रदर्शनाच्या बॅनरवर घ्या. खाली लिहा, संगणकीकृत डिझाइन.”

“साहेब, त्याचा आणि फवारणीचा काय संबंध?”

“संबंध लोक लावतात. तुम्ही चित्र द्या.”

मी दिलं. नको म्हणायचा विचार आला होता, पण अडीच वर्षांत पहिल्यांदा ते कुठेतरी लागणार होतं. कृषी प्रदर्शनात आमच्या स्टॉलवर बारा फुटी बॅनर, त्यावर तारे, ताऱ्यांमध्ये माझं यान, आणि यानाच्या पोटाखालून द्राक्षाच्या घडांवर फवारा पडतोय. तो फवारा छपाईवाल्यानं स्वतःहून घातला. दिवसभर लोक विचारत होते, किती लिटरची टाकी. शेठ गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, “काम चालू आहे.” आणि माझ्याकडे बोट करायचे.

मी मूर्खासारखा त्या बॅनरचा फोटो फोरमवर टाकला. वाटलं, हसतील, कौतुक करतील. अॅडमिरलनं लिहिलं की चित्र उलटं छापलं आहे, उजव्या बाजूचं दार डावीकडे आलं आहे, आणि अशा निष्काळजीपणानं या यानाचा अपमान होतो. खरंच उलटं होतं. छपाईवाल्याला फवारा उजवीकडे हवा होता. काकांच्या बागेपुढे मला लाज वाटली होती, पण झोप लागली होती. अॅडमिरलच्या त्या तीन ओळींनी मी चार दिवस नीट जेवलो नाही. कसला माणूस होतो मी, हे यावरून समजा.

वर्षभरानं मॉडेल पुरं झालं. त्याची चित्रं फोरमवर टाकायला गेलो, त्याच महिन्यात कुणीतरी त्या मालिकेच्या स्टुडिओतले जुने फोटो शोधून आणले. चित्रीकरणासाठी बनवलेल्या खऱ्या लाकडी यानाला डावी बाजू नव्हतीच. कॅमेरा उजवीकडूनच लागायचा, म्हणून डावीकडे खिडक्या काढल्याच नव्हत्या. नुसती कोरी फळी, आणि भोकातून लोंबणाऱ्या दिव्यांच्या वायरी. डावी बाजू दाखवायची असली की तिथले लोकही चित्र उलटं करायचे. आमच्या छपाईवाल्यासारखेच.

फोरमवर सुतक पडलं. मग अॅडमिरलनं निर्णय दिला की डावी बाजू आहे असं धरून चालावं. सगळ्यांनी धरलं. मला लेफ्टनंटचा हुद्दा मिळाला. मी तो घेतला, दोन दिवस मिरवला, आणि नंतर तिथं जाणं हळूहळू बंद झालं. भांडून वगैरे नाही. कॅफेच्या त्या खोक्यात बसून डाव्या बाजूच्या एकेका खिडकीवर किती जेवणं गेली, ते आठवायचं आणि कंटाळा यायचा.

पुढे मी सातपूरला दुसऱ्या कंपनीत गेलो. निघताना फाइल फ्लॉप्यांवर घ्यायची होती, पण ती इतकी मोठी झाली होती की मावेना. म्हटलं, नंतर येऊन नेऊ. चार-पाच महिन्यांनी गेलो तर माझ्या जागी एक मुलगी होती, हुशार, डिग्रीवाली. मी विचारलं, “त्यात एक यान होतं. मोठी फाइल.”

“हो, होती,” ती म्हणाली. “कॉम्प्युटर फार स्लो चालत होता. मला वाटलं व्हायरस आहे.”

तिनं चहा मागवला. मी घेतला. ती लांबट भोकांविषयी विचारत होती, अशी का दिली म्हणून. मी म्हणालो, शेठची कल्पना.