सुनेच्या कॉम्प्युटरला लागलेली खुरकूत

साल दोन हजार तेवीस. माझं वय तेव्हा एकाहत्तर होतं. शाळा दुसरीपर्यंत झाली, तीबी गुरं राखून उरलेल्या वेळात. तरी हे मी माझ्या हातानं लिहितोय. अक्षराला हसायचं त्यानं खुशाल हसावं.

आमची वस्ती तोरण्याच्या अंगाला, वर. चार गुरं, थोडी शेरडं. थोरली सून बारावी शिकलेली. लग्नानंतर तिनं भोरला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि वेल्ह्यात तहसील कचेरीजवळ गाळा घेऊन दुकान टाकलं. उत्पन्नाचा दाखला, सात-बारा, आधारचं काम, पोरांचे फॉर्म. दुकानाच्या पाटीवर ती नुसतं 'ऑनलाइन सेवा' लिहिणार होती. म्या म्हणलं, आडनाव आलं पायजे. मोठ्या अक्षरात आलं पायजे. आमच्या घराण्याचं नाव बाजारात कधी रंगवलेलं नव्हतं. पाटी लागली त्या दिवशी मी समोरच्या हॉटेलात चहा पीत नुसता तिच्याकडं बघत बसलो होतो.

माझ्या सख्ख्या भावाचा पोरगा नसरापूरला फोटोचं आणि कॉम्प्युटरचं दुकान चालवतो. भाऊ आता न्हाई. दिवाळीत पुतण्या वेल्ह्याला आला, मी दुकानातच बसलो होतो तवा आत शिरला, आणि सून कॉम्प्युटरवर पासपोर्ट फोटो कापत होती ते बघून हसायला लागला.

"वहिनी, एका फोटोला एवढा वेळ? गिऱ्हाईक म्हातारं व्हईल. हे घ्या." खिशातनं पेन ड्राईव्ह काढला. "विकतचं सॉफ्टवेअर हाय. तुमाला फुकट."

पेन ड्राईव्ह लावला तशी पडद्यावर लाल पाटी आली. सून म्हणाली, "भावजी, अँटीव्हायरस नको म्हणतोय."

"ते मांजर हाय, उगाच फिसकारतंय. बंद करा त्याला, मग घाला."

"बंद करू नका असं कोर्सला सांगितलं होतं."

"नाना, सांगा की हिला. मी घरचा हाय का परका?"

म्या म्हणलं, "घरचाच हाय. घालू दे." आणि ते काय खोटं होतं? भावाचं रक्त होतं. आमच्यात भावकीनं आणलेली वस्तू उलटीपालटी करून बघत न्हाईत. सुनंनं मांजर बंद केलं. फोटो भराभर कापले जायला लागले आणि पुतण्या पेन ड्राईव्ह तिथंच ठेवून, मिशीला पीळ देऊन गेला.

पुढं कॉम्प्युटर जरा सुस्त झाला. काम नसताना आतला पंखा घरघरायचा. सून म्हणायची, गरम होत असंल. मग एक दिवस ती भाकरी खात असताना पडद्यावरचा बाण आपोआप हलला, एक कागद उघडला आणि मिटला. तिनं मला हाक मारली तोवर थांबला. अँटीव्हायरस परत चालू करायला गेली, तर तो चालूच होईना.

त्याच आठवड्यात बाजारच्या दिवशी मी दुकानासमोरच्या हॉटेलात बसलो असताना माझा सोबती आला. शेजारच्या वस्तीचा, लहानपणापासून एका पाणवठ्यावर गुरं पाजलेला माणूस. माझ्यासमोर येऊन उभा राहिला. रामराम न्हाई, काय न्हाई.

"मला फोन आला," म्हणाला. "बोलणारा परका. आधार नंबर त्यानं सांगितला, जमिनीचा गट त्यानं सांगितला, पोरीला कुठं दिली तेबी त्यानंच सांगितलं. अनुदान जमा करतो, मोबाईलवर आलेला नंबर सांगा म्हणाला. मला वाचता येत न्हाई म्हणून वाचलो. माझे कागद एकाच जागी हायेत. तुझ्या सुनंकडं. विकले व्हय रं?"

हॉटेलातल्या माणसांनी माना वळवल्या. मी उठलो. त्याच्या अंगावर जाणार होतो, पण सुनंनं दुकानातनं ऐकलं होतं. ती बाहेर आली, त्याला म्हणाली, "मामा, विकले न्हाईत. पण गेले असतील. मला बघू द्या." आणि आत जाऊन पयल्यांदा तिनं नेटची वायर उपटली.

'गेले असतील' हे तिनं चार माणसांत कशाला म्हणावं? मला ते लागलं. अजून लागतंय.

तिनं भोरच्या मॅडमला फोन लावला, जिच्याकडं कोर्स केला तिला. मॅडमनं सांगितलं, त्या मशीनवर आता एकबी पासवर्ड टाकायचा न्हाई, तुमी टाकलेलं अक्षर न् अक्षर तिकडं दिसत असंल. सगळे पासवर्ड दुसऱ्या, चांगल्या मोबाईलवरनं बदला. सुनंनं तिथंच बसून ते केलं. मग मॅडमकडनं आलेल्या पेन ड्राईव्हनं मशीन तपासलं. एक घाण सापडली, तिनं पुसली. मशीन बंद करून चालू केलं, घाण परत हजर.

मग आमी कॉम्प्युटरचा डबा गोधडीत गुंडाळला आणि एसटीनं भोरला निघालो. डबा मांडीवर मी घेतला. कंडक्टर म्हणाला, "बाबा, आजारी हाय का काय?" म्या म्हणलं, "व्हय. तू तुझी तिकिटं फाड."

मॅडम पोरसवदाच, पण नीट बोलणारी. म्या तिला सरळ इचारलं, "चोर आत बसलाय का भाईर?"

"चोर बाहेर आहे, आबा. कुठं आहे ते आपल्याला कळायचं नाही. आत त्यानं आपला गडी ठेवलाय. मशीन चालू झालं की गडी उठतो आणि नेटवरून मालकाला आत घेतो. मालक कागद बघतो, नेतो, बाण हलवतो."

"मग त्या गड्याला हाणा की."

"हाणला. पण त्यानं दुसरा लपवलाय, तो पहिल्याला परत उभा करतो. आणखी किती आहेत याची खात्री मी देणार नाही. म्हणून सगळं पुसायचं, जमिनीपर्यंत, आणि अस्सल विंडोज नव्यानं घालायचं. लोकांचे कागद आणि फोटो तेवढे आधी वेगळे काढू, तपासून परत घेऊ. प्रोग्रॅम मात्र एकही परत घ्यायचा नाही."

"आला कुठनं पण हा गडी?"

सुनंनं पर्समधनं पुतण्याचा पेन ड्राईव्ह काढला. मॅडमनं तो नेट नसलेल्या एका जुन्या मशीनला लावला. तीच लाल पाटी. "फुकटचं म्हणून असं सॉफ्टवेअर लोकांना वाटत फिरतात," मॅडम म्हणाली. "विकतच्या प्रोग्रॅमचं कुलूप तोडलेलं असतं आणि त्याच्या पोटात हे भरलेलं असतं. अँटीव्हायरस बंद करा म्हणून सांगतात ते याच्यासाठीच."

मला वाटलं, पोराला ठाऊक नसंल. त्यालाबी कुणी तरी फसवलं असंल. सून मॅडमजवळ थांबली आणि मी एसटी पकडून नसरापूरला उतरलो. त्याला सावध करायला गेलो होतो मी. हे इथं लिहून ठेवतो.

पुतण्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. मी सगळं सांगितलं. तो मान हलवत होता.

"व्हय नाना, आमच्याबी मशीनला आलं होतं. मी दसऱ्यालाच फॉरमॅट मारला."

"दसऱ्याला? आन् आमच्याकडं दिवाळीत घातलंस?"

"पेन ड्राईव्ह तोच असंल ध्यानात नव्हतं तवा. नंतर आलं ध्यानात."

"नंतर आलं, तर सांगितलं का न्हाईस?"

"सांगून काय करायचं? बोंब झाली की गिऱ्हाईक तुटतं. तुमीबी गप पुसून घ्या की. कोण इचारतंय?"

त्याच्या बापाचं तोंड आठवलं. आमच्या वस्त्यांवर गुरांना खुरकूत आली, तोंडातनं लाळ गळायला लागली, की ज्याच्या गोठ्यात आली त्यानंच पाणवठ्याच्या वाटेवर लिंबाचा डहाळा टांगायचा. मग उजाडायच्या आत बाकीच्या वस्त्यांवर जाऊन ओरडून सांगायचं, आमच्यात आलीय, गुरं खाली आणू नका. जो लपवील त्याच्या दारचं पाणी कोण पीत न्हाई. माझ्या भावाच्या एकट्याच्या बैलाला आली होती, तर स्वतःच्या अंगात ताप असताना झाडावर चढून त्यानं डहाळा बांधला होता. त्याचं हे पोरगं.

चहा आला. मी कपाला हात लावला न्हाई. पोरगं म्हणालं, "नाना, रागावला व्हय? कॉम्प्युटर हाय तो, बैल न्हाई." मी उठलो आणि रस्त्यावर येऊन एसटीची वाट बघत उभा राहिलो. त्याच्या दुकानाकडं पाठ करून.

दोन दिवसांनी मशीन परत आलं. धुऊन काढल्यागत. सुनंनं मेलला असं कुलूप लावलं की पासवर्ड टाकला तरी मोबाईलवर नंबर आल्याबिगर उघडत न्हाई. सायबर पोलिसांकडं तक्रार टाकली. संध्याकाळी घरी चुलीपाशी बसलो होतो. म्या म्हणलं, "झालं आता. उद्या दुकान उघड."

"सांगायचं राहिलंय, मामा."

"कुणाला?"

"त्या मशीनवर ज्यांचे कागद होते त्या सगळ्यांना. कागद बाहेर गेलेत, फोन येईल, नंबर सांगू नका म्हणून. मोबाईलवर मेसेज टाकला तर अर्ध्यांना वाचता यायचा न्हाई. वस्त्यांवर जावं लागंल."

"आपल्या तोंडानं? पाटीवर आपलं आडनाव हाय. तू फिरून सांगणार, आमच्या दुकानात चोर शिरला होता म्हणून?"

"शिरला होताच की."

"लोक म्हणतील, विकले आणि आता नाटक करत्यात."

"म्हणू द्या."

"मी जिवंत हाय तोवर न्हाई."

ती भाकरी थापायची थांबली. "मामा, डहाळा टांगल्यावर तुमची गुरं बरी व्हायची का?"

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"मग कशापायी टांगायचा?" असं म्हणून तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि परत माझ्याकडं बघितलंबी न्हाई.

मी न जेवता उठलो. तिचं खरं होतं म्हणून न्हाई. सुनंनं सासऱ्याला त्याच्याच काठीनं गाठावं, हे मला आजबी रुचलेलं न्हाई. मला पुतण्या दिसत होता, मिशीला पीळ देणारा, कोण इचारतंय म्हणणारा. आणि कितीबी तोंड फिरवलं तरी मला कळत होतं, मी गप राहिलो तर त्याच्यात आणि माझ्यात फरक काय तो फक्त वयाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठा उरकला आणि काठी घेऊन पयल्यांदा सोबत्याच्या वस्तीवर गेलो. त्याचं कुत्रं मला ओळखत होतं, ते भुंकलं न्हाई. सोबती ओट्यावर तंबाखू मळत बसला होता. बस म्हणाला न्हाई. मी अंगणातच उभा राहिलो आणि पाणवठ्यावरनं द्यायची तशी हाळी दिली, म्हणजे त्याच्या घरातल्या बायका-पोरांना आणि वरच्या दोन घरांनाबी ऐकू जावं.

"आमच्यात आलीय. तुमचे कागद आमच्या दुकानातनं गेलेत. फोन आला तर नंबर सांगू नका."

तो तंबाखू मळतच राहिला. पाणी इचारलं न्हाई. मी वरच्या वस्तीच्या वाटेला लागलो.