लाइटच्या खोलीतला लिंबाचा वास

डॉक्टर मॅडमनी जयवंतीचा हात टेबलावरच्या दिव्याखाली धरला आणि मान हलवली. मनगटापासून कोपरापर्यंत लालसर-काळे ओघळ उमटले होते. हातावर गरम चहा सांडून खाली वाहत गेल्यासारखे. मानेवरही तसाच एक पट्टा होता.

"अंगाला काही लावलं होतं का? तेल, क्रीम?"

"नाय मॅडम. काय पण नाय."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "मावशी, मागच्या वेळी टायमर किती लावला होता?"

"तुम्ही सांगितला तेवढाच, मॅडम."

"मग हिच्या कातडीला लाइट सोसत नाही. बंद करू या. परत गोळ्याच वाढवू."

जयवंती खुर्चीची कड धरून बसून राहिली.

मी अंधेरीच्या एका स्किन क्लिनिकमध्ये लाइटची खोली सांभाळते. आधी इथेच लादी पुसायचे. मशीन आलं तेव्हा मॅडमनी मला शिकवलं. मशीन म्हणजे माणूस आत उभा राहील एवढं कपाट. आतून सगळीकडे उभ्या ट्यूब. उन्हात अनेक तऱ्हेची किरणं असतात, त्यांतली एकच जात या ट्यूबमधून येते. तिला अल्ट्राव्हायोलेट म्हणतात. किती वेळ द्यायचा ते मॅडम ठरवतात. थोड्यापासून सुरुवात करून हळूहळू वाढवतात. मी पेशंटला गॉगल घालते, नीट उभं करते, बटण दाबते आणि बाहेरून विचारत राहते, "बरं आहे ना?" आत एकटं उभं राहायला माणूस घाबरतं. बाहेरून आवाज आला की धीर येतो.

अंगावर पित्त उठलेलं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. गांधी येतात, खाज सुटते, आमसुलाचं पाणी चोळलं की बरेचदा जातात. जयवंतीच्या जात नव्हत्या. वर्ष उलटून गेलं तरी रोज उठायच्या. मॅडम त्याला क्रॉनिक अर्टिकेरिया म्हणतात, म्हणजे जुनाट पित्त. आधी गोळ्या देतात. गोळ्यांनी भागलं नाही तर काही जणांना गोळ्यांच्या जोडीला लाइट देतात.

जयवंती मढची कोळीण. बाजारात तिची सासूपासून चालत आलेली जागा. तिथे बसून ती मासे विकते आणि कापूनही देते. गोळ्या वाढवल्या की तिच्या डोळ्यांवर झापड यायची. पुढ्यात सुरमई, हातात कोयता आणि डोळे मिटतायत. एकदा बोट थोडक्यात वाचलं. गोळ्या कमी केल्या की हातभर गांधी. गिऱ्हाईक हात बघायचं आणि शेजारणीकडे जायचं. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, पण गिऱ्हाइकाला कोण सांगणार? जाऊ तर रोज म्हणायची, "तू घरी बस, तुझ्या जागेवर मी बसते." एकदा उठलं की जागा परत मिळत नाही, हे दोघींना ठाऊक होतं.

लाइट सुरू झाल्यापासून गांधी कमी व्हायला लागल्या होत्या. आणि आता हे ओघळ.

पिशवी घ्यायला ती माझ्या खोलीत आली. स्टुलावर बसली आणि पदराने डोळे पुसले. मी पाणी दिलं. ग्लास घ्यायला तिने हात पुढे केला तेव्हा मला वास आला. लिंबाचा. हा वास माझ्या ओळखीचा आहे. आम्ही मालवणकडचे. मासे साफ केले की मीही लिंबाची फोड हाताला चोळते.

"जयवंती, लिंबू लावलंस?"

ती दाराकडे बघायला लागली.

"बोल ना गं. इथे दुसरं कोण आहे?"

"मॅडमनी तेल विचारलं, क्रीम विचारलं. लिंबू काय औषध हाय?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "मागच्या हप्त्यात बाहेर सोफ्यावर बसले, तर बाजूची बाई नाकाला रुमाल लावून उठली. त्या दिवसापासनं होडीत बसले की लिंबू पिळते आणि चोळते. हाताला, मानेला. एसीत वास लय मारतो ना बाय."

मढहून खाडी ओलांडून वर्सोव्याला ती होडीने येते. होडी उघडी, वरून ऊन.

"चल, मॅडमना सांगू."

"नको गो! लाज काढतेस काय माझी?"

"आणि जागा गेली ती चालेल?"

तिने उचललेली पिशवी परत खाली ठेवली. खरं तर मीही बोलावल्याशिवाय केबिनमध्ये जात नाही. चार माणसांत मला बोलताच येत नाही. आत मॅडमसमोर दुसरा पेशंट होता. लिंबाचा आणि त्या ओघळांचा संबंध आहे की नाही, तेही मला माहीत नव्हतं. पण मॅडमनी विचारलं होतं आणि त्यांना अर्धंच उत्तर मिळालं होतं. मी दार ढकललं.

"मॅडम, ती लिंबू लावते. होडीत. वास जावा म्हणून."

एवढं एका दमात बोलून मी खाली बघत उभी राहिले.

मॅडमनी पेन ठेवलं. "लिंबू? आणि वर ऊन?" एकदम हसल्या. "अहो, मग हे भाजणं लिंबाचंच! रस वाहिला तिथे ओघळ उमटले. बोलवा तिला."

त्यांनी आम्हा दोघींना समजावलं. लिंबाचा रस कातडीवर असताना कडक ऊन लागलं तर कातडी भाजते. लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी दिसतं आणि मग काळे डाग राहतात. लाइट कायमचा बंद करायची गरज नाही. हात बरे होईपर्यंत थांबायचं, मग थोड्यापासून पुन्हा सुरू करायचं. लिंबू मात्र बंद.

"मग वास?" जयवंतीने विचारलं.

"तुम्ही मासे विकता. माशाचा वास येणारच," मॅडम म्हणाल्या. "साबणाने हात धुवा आणि या."

मी तिला मागचं बेसिन दाखवलं. पुढे ती आली की आधी तिथे हातपाय धुवायची आणि मग लाइट घ्यायची. पावसाळा आला, होड्या बंद झाल्या, तरी बसने मोठा वळसा घालून यायची. गांधी विरळ होत गेल्या. मग अधूनमधूनच एखादी दिसायला लागली. गोळी कमी झाली, झापड गेली. कोयता तिच्याच हातात राहिला आणि जागाही.

शेवटच्या दिवशी ती बाजारातून थेट आली. माशांची पाटी मागच्या दाराशी ठेवली आणि बाहेरच्या सोफ्यावर बरोबर मधोमध बसली. शेजारच्या बाईने नाक मुरडलं नाही. तिने विचारलं, "सुरमई कशी दिली?"

"इथे नाय सांगत," जयवंती म्हणाली. "बाजारात ये. साफ करून देईन."

त्यानंतर मॅडमनी मला सांगितलं, मशीनआधीचे प्रश्न मावशी तुम्हीच विचारत जा. तेल-क्रीमचं नाव मी घेतच नाही. मी विचारते, "सकाळी उठल्यापासून अंगाला काय काय लागलं ते सगळं सांगा." लोक आधी हसतात, मग आठवत आठवत सेंट सांगतात, उटणं सांगतात, बाम सांगतात. नवीन लागलेल्या मुलीलाही मी तेच शिकवलं. ती म्हणाली, "मावशी, किती वेळ जातो यात!"

मी म्हटलं, "जाऊ दे. बटण दाबायला वेळ लागत नाही, खरं काम या विचारण्यातच आहे."