काठावरची बाटली

निश्चल दिसणाऱ्या कोणत्याही गोष्टीवर आमच्या दोनबाण सरांचा विश्वास नव्हता. खुर्ची हलवून पाहिल्याशिवाय ते तिच्यावर बसत नसत. प्रयोगशाळेला कुलूप लावत, ते ओढून पाहत, जिन्यापर्यंत जात आणि परत येऊन पुन्हा ओढत. वर्ग शांत झाला की इतर शिक्षकांना समाधान वाटते. सरांचे डोळे मात्र बारीक होत. "शांत कायले झाले रे तुमी? खाली काय चालू हाये?" असे विचारत ते बाकांच्या रांगेत उतरत, आणि बाकांखाली काही ना काही चालू असेच. संशयी माणसाची हीच मोठी अडचण असते. तो अधूनमधून खरा ठरतो, आणि मग त्याला सुधारण्याचे कारणच उरत नाही.

वर्ध्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ते रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते. त्यांचे खरे नाव दाराबाहेरच्या पाटीवर होते. मुलांच्या तोंडी 'दोनबाण' एवढेच. रासायनिक समतोल शिकवताना ते फळ्यावर एकाखाली एक असे दोन बाण काढत, एक उजवीकडे जाणारा, दुसरा डावीकडे येणारा, आणि खडू त्या बाणांवर आपटून म्हणत, "हे थांबलं नाई बापा. थांबल्यासारखं दिसते. जेवढं तिकडं जाऊन राह्यलं, तेवढंच इकडं येऊन राह्यलं." जिथे अभिक्रिया उलट फिरू शकते तिथे एकच बाण काढणाऱ्याचे गुण ते निर्दयपणे कापत. मुले कुरकुरली तर म्हणत, "एकच बाण काढणारा माणूस एक तं अडाणी असते, नाई तं लबाड."

उदाहरणेही त्यांची संशयाचीच असत. चतुर्थीला केळझरच्या गणपतीच्या मंडपात सकाळपासून गर्दी तेवढीच दिसते. जितके आत शिरतात तितकेच बाहेर पडतात. कोणताही शिक्षक एवढे सांगून थांबला असता. सर पुढे म्हणत, "गर्दी तेवढीच हाये म्हून माणसंबी तेच हायेत असं समजान, तं चपला जातीन तुमच्या." मुले हसत. पण समतोलात बाहेरून काहीच बदलत नसले तरी आत कण सतत बदलत असतात, हे त्या चपलांमुळे त्यांना जन्मभर लक्षात राही. मला स्वतःला ते पुस्तकातून समजले नव्हते तेवढे सरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून समजले, हे येथे नमूद करायला हवे.

मी त्यांच्या हाताखाली घड्याळी तासिकांवर काम करीत होतो. नेमणूक एका सत्रापुरती असे, आणि जूनमध्ये सर प्राचार्यांना काय सांगतात यावर पुढचे वर्ष अवलंबून असे. घरी नुकताच संसार मांडला होता. दुसरी नोकरी दृष्टिपथात नव्हती. त्यात माझा स्वभाव सरांच्या अगदी उलट. ते साऱ्या जगावर संशय घेत, मी स्वतःवर. कुठे कप फुटल्याचा आवाज आला, तर मी आधी आपल्या हातांकडे पाहतो. ही सवय मला लहानपणापासून आहे, आणि तिला मी बरीच वर्षे सौजन्य समजत आलो.

सरांची एक लाडकी बाटली होती. तिच्यात कोबाल्ट क्लोराइडचे द्रावण असे. हे द्रावण गुलाबी असते. त्यात तीव्र आम्ल घातले की ते निळे होते, पाणी घातले की पुन्हा गुलाबी. तापवले तरी निळे, निववले तरी गुलाबी. वर्गात हा बदल झटकन दिसावा म्हणून सर त्यात आम्ल थेंबाथेंबाने घालून ते अगदी अशा टप्प्यावर आणून ठेवत, की दिसायला गुलाबी, पण जराशा उबेने पलटावे. "हे काठावर बसलं हाये," ते म्हणत. "काठावरच्याले धक्का लागत नाई, नुसती फुंकर लागते." दरवर्षी फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षा संपल्या की ते स्वतः ती बाटली रिकामी करीत. त्या वर्षी मात्र जुलैच्या फेरपरीक्षेसाठी त्यांनी ती तशीच ठेवली. ठेवली कुठे, तर गच्चीवरच्या पत्र्याच्या भांडारखोलीत. त्या खोलीच्या दोन चाव्या होत्या. एक सरांजवळ, एक माझ्याजवळ.

मे महिन्यात साठा मोजायला सर दुपारी वर गेले आणि लगेच खाली आले. मी शिक्षककक्षात मडक्यातले पाणी पीत होतो.

"सुधाकर, चाबी कोणाजवळ होती?"

"माझ्याजवळ, सर. आणि एक तुमच्याजवळ."

"माही सोड. तुही कोणाले देल्ली होती?"

"कुणालाच नाही."

"मंग बाटली निळी कशी झाली?"

मी त्यांच्यामागून वर गेलो. बाटली खरोखरच निळी होती, शाईसारखी. सर तिच्याकडे असे पाहत होते, की जणू ती आत्ता फितूर झाली. "कोणं तरी आम्ल ओतलं," ते म्हणाले. "फेरपरीक्षेच्या दिवशी माह्या खात्याची फजिती कराची हाये कोणाले तरी." त्या 'कोणाले तरी' मध्ये जगात फक्त दोनच माणसे मावत होती, आणि त्यांपैकी एक स्वतः सर होते.

मी काहीच बोललो नाही. बोलावेसे वाटले नाही असे नाही; पण तोवर माझ्या मनात माझ्याविरुद्धची चौकशी सुरू झाली होती. मागच्या आठवड्यात आम्लाच्या बाटल्या पुसून ठेवताना एखादे बूच चुकीच्या बाटलीला लावले असेल का? चावी सदऱ्याच्या खिशात राहून सदरा बाहेर दोरीवर वाळत पडला होता, तेव्हा? आरोप करणाऱ्याला जेवढे पुरावे सुचले नसते, तेवढे मी घरी जाताना सायकलवर गोळा केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा वर गेलो. बाटली गुलाबी होती.

मला हायसे वाटले, आणि तीच माझी चूक झाली. कारण सरांनी ते माझ्या चेहऱ्यावर पाहिले. "वा," ते हळूच म्हणाले. "नवीन करून ठेवलं वाटते कोणं तरी. इतक्या सकाळी." मी मान खाली घातली. निर्दोष माणूस मान खाली घालत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होते. पण मान माझ्या हातात नव्हती.

सरांनी माझी चावी मागून घेतली. दाराला कुलूप घातले, फटीवर कागदाची पट्टी डिंकाने आडवी चिकटवली, तिच्यावर सही केली आणि म्हणाले, "दुपारी माह्यासंगच येजो." सकाळभर आम्ही खाली समोरासमोर बसून काचेची भांडी मोजली. जूनमध्ये ते प्राचार्यांना काय सांगणार, ते वाक्य मी मनातल्या मनात त्यांच्याच आवाजात ऐकत होतो.

दुपारी दोघे वर गेलो. पट्टी जागेवर होती, सही जागेवर होती. सरांनी ती नखाने खरवडून तपासली, मग फाडली, आणि दार उघडले. बाटली निळी होती.

ते दारातच उभे राहिले. दोन्ही चाव्या त्यांच्या खिशात होत्या आणि मी सकाळपासून त्यांच्या नजरेसमोर. त्यांच्या संशयाला जायला जागाच उरली नव्हती. मग ते आत गेले, बाटली उचलायला हात लावला, आणि झटकन काढून घेतला. बाटली पोळत होती. डोक्यावर पत्रा उन्हाने तडतड वाजत होता. सरांनी मान वर करून पत्र्याकडे पाहिले. मीही पाहिले. दोघांनाही एकाच क्षणी कळले, आणि एकमेकांकडे पाहण्याचे धैर्य दोघांनाही झाले नाही.

"सुधाकर, हे द्रावण कोणं केलं होतं?"

"तुम्ही, सर."

"काठावर कोणं आणून ठेवलं?"

"तुम्हीच, सर."

"मंग हे कालच काऊन नाई सांगतलं तू मले? तुले बी तं येते ना हा धडा?"

"मला वाटलं, माझ्याच हातून काही झालं असेल."

सरांनी चष्मा काढून घाम पुसला. पुन्हा लावला आणि माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत आदल्या दिवशीपेक्षा अधिक संशय होता, आणि तो आता योग्य जागी होता.

"पाह्य," ते म्हणाले. "मी तुह्यावर संशय घेतला. तो एक बाण. तू बी सोतावरच घेतला. तो दुसरा. दोन्ही बाण एकाच बाजूले. मंग समतोल कुठून येईन रे? तुह्याकडून उलटा बाण याले पायजे होता. 'सर, तुमी चुकून राह्यले', एवढं म्हणाले तुले काय झालं होतं?"

क्षमा त्यांनी मागितली नाही, आणि मीही तिची वाट पाहिली नाही. त्यांनी बाटली पंच्यात गुंडाळून खालच्या थंड वर्गात आणली. कुलूप लावले, ओढून पाहिले, जिन्यापर्यंत गेले आणि परत येऊन पुन्हा ओढले. माझी चावी मात्र त्यांनी मला तेथेच परत दिली. जूनमध्ये ते प्राचार्यांना काय म्हणाले, ते मला नंतर कळले. "शिकवते चांगला. बोलत नाई. ठेवून घ्या, बोलीन."

त्यांचा हा अंदाज खरा व्हायला फार वर्षे लागली. मी कायम झालो, सर निवृत्त होऊन नालवाडीच्या घरी बसले, विभाग माझ्याकडे आला. मी त्यांना भेटायला जाई. ते विचारत, "कुलूप पाह्यलं का?" मी पाहिलेले असे. त्यांच्यासमोर मी बोलत होतो ते होकारच. त्या होकारांत आदर किती होता आणि सोय किती, याचा हिशेब मला आजही नीट लागत नाही.

शेवटच्या हिवाळ्यात त्यांचे हृदय थकले होते. मी गेलो तेव्हा काकू, म्हणजे त्यांची पत्नी, हातात गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या, आणि सर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"कालची गोळी पांढरी होती," ते भिंतीला म्हणाले. "हे पिवळी हाये."

"भाऊ, आता तुमीच सांगा," काकू म्हणाल्या. "सकाळपासून हेच चाललं हाये. यायचा माह्यावर बी भरोसा नाई."

मी गोळ्यांची पट्टी हातात घेऊन वाचली. "सर, औषध तेच आहे. बनवणारे बदलले म्हणून रंग बदलला."

"तू त्यायच्या बाजूचा हायेस?"

नेहमीप्रमाणे माझी मान खाली जाऊ लागली होती. काकू अजून गोळी आणि पेला घेऊन तशाच उभ्या होत्या, त्या मला दिसल्या. "मी कुणाच्या बाजूचा नाही, सर," मी म्हणालो. "पण तुम्ही चुकताय. रंग पाहून आपण एकदा चुकलो आहोत. गोळी घ्या."

सर सावकाश कुशीवर वळले. माझ्याकडे पाहिले, अगदी डोळे बारीक करून. "आला बापा एकदाचा उलटा बाण," ते म्हणाले. "लई उशीर केला तू." त्यांनी गोळी घेतली.

मी त्या दिवशी फार समाधानाने घरी आलो. हिवाळा सरायच्या आत सर गेले. तेरवीला काकूंनी मला बाजूला बोलावून सांगितले, की मी फाटकाबाहेर पडताच सरांनी ती पट्टी शेजाऱ्याच्या हाती दुसऱ्या औषधाच्या दुकानात पाठवून विचारणा करवली होती, आणि खात्री झाल्यावरच पुढची गोळी घेतली. मला वाईट वाटले नाही. त्यांनी माझे ऐकले होते आणि ते तपासलेही होते. त्यांच्या लेखी आदर म्हणजे हेच असावे.

सरांची बाटली मी दरवर्षी भरतो, त्यांच्यासारखीच थेंबाथेंबाने काठावर आणून. या वर्षी फेरपरीक्षेसाठी ती वरच राहिली होती, आणि मे महिन्यात गच्चीवरच्या खोलीत गेलो तेव्हा निळी होती. सारे ठाऊक असून, पत्रा डोक्यावर वाजत असून, माझ्या तोंडून आधी जे निघाले ते हेच: "चाबी कोणाजवळ होती?"

आवाज माझा नव्हता, सरांचा होता. माझ्यामागे भगत मॅडम उभ्या होत्या. या वर्षी आमच्या विभागात तासिकांवर आल्या आहेत. जूनमध्ये त्यांच्याविषयी प्राचार्यांना मीच सांगायचे आहे. दुसरी चावी त्यांच्याजवळ असते. त्यांनी मान खाली घातली नाही.

"एक माझ्याजवळ होती, सर," त्या म्हणाल्या. "आणि एक तुमच्याजवळ. तुमचीपण धरा ना हिशेबात."

मी त्यांच्याकडे पाहिले, मग पत्र्याकडे. "बरोबर आहे," मी म्हणालो. रुमालात धरून बाटली आम्ही खालच्या वर्गात आणली आणि टेबलावर ठेवली. ती गुलाबी होईल हे आम्हा दोघांनाही पक्के ठाऊक होते. तरी ती होईपर्यंत दोघांपैकी कुणीही उठले नाही.